ईगल्सची मैफल तबकडीवर : १९८० चा संच ठेवावा की २०१८ चा घ्यावा?

विचारणा थोडक्यात अशी आहे. ‘ईगल्स’ या अमेरिकन बँडचा १९८० सालचा ‘ईगल्स लाइव्ह’ हा दोन तबकड्यांचा संच आपण सेकंडहँड घेतला आहे. त्यात टाळ्यांचा आवाज कढईत काही तळत असल्यासारखा ऐकू येतो आणि दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे घोगरे वाटते. हा दोष तबकडीचा की यंत्राचा, हा पहिला प्रश्न. याच बँडच्या २०१८ मधल्या मैफिलींचा ‘लाइव्ह फ्रॉम द फोरम’ हा चार तबकड्यांचा संच घेण्यासारखा आहे का, हा दुसरा. आणि मूळ ध्वनिमुद्रणच डिजिटल असेल तर ते तबकडीवर ऐकण्यात अर्थ काय, असे आपल्या मित्राने विचारले आहे, हा तिसरा. तबकडीसाठी लॅकर (म्हणजे जिच्यावर खाच कोरली जाते आणि जिच्यापासून पुढे प्रती निघतात ती मूळ चकती) कापण्याचे आणि जुन्या तबकड्या डिजिटल स्वरूपात उतरवून घेण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

निष्कर्ष आधी सांगतो, कारण विवेचन लांबणार आहे. १९८० चा संच काढून टाकू नका. आपण सांगता त्यातला मोठा भाग सुईचा आणि तिच्या जुळणीचा दोष असण्याची शक्यता अधिक आहे. २०१८ चा संचही घेण्यासारखा आहे, मात्र तो निर्णय डिजिटल की अ‍ॅनालॉग या वादावर किंवा तबकडीच्या वजनावर सोडू नये. मैफिलीची तबकडी घेताना सर्वांत आधी पाहायचे ते हे, की मैफल किती बाजूंत विभागली आहे, ती कोठे तोडली आहे आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी कोणते गाणे आले आहे. स्टुडिओत घडलेल्या अल्बमलाही हे लागू आहेच, पण तिथे गाण्यागाण्यांत शांतता असते आणि कोठेही थांबले तरी काही बिघडत नाही. मैफल सलग असते, आणि तबकडीची बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते.

तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, मग सुई बाहेरच्या कडेला असो वा लेबलाजवळ. बारा इंची तबकडीवर सर्वांत बाहेरच्या खाचेची त्रिज्या साधारण १४६ मिलिमीटर आणि सर्वांत आतल्या खाचेची साधारण ६० मिलिमीटर असते. त्यामुळे बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आत केवळ २१ सेंटिमीटर. दहा हजार हर्ट्झच्या स्वराची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत मावते. तीच आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते. झांजांची चमक आणि गायकाच्या ‘स’, ‘श’ या उच्चारांची धार याच टापूत असते, आणि गोल टोकाच्या साध्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असल्यामुळे इतकी बारीक वळणे तिला नीट वाचताच येत नाहीत. तबकडीवरचे तेच गाणे बाहेर स्वच्छ आणि आत घोगरे वाटू शकते, त्याचे मूळ या भूमितीत आहे.

दुसरा हिशेब जागेचा. मुद्रणाला उपयोगी पडणारा पट्टा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असतो. एकोणीस मिनिटांच्या बाजूत सुमारे ६३० फेरे बसवायचे, म्हणजे शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत सरासरी ०.१३ मिलिमीटर अंतर मिळते. सव्वीस मिनिटांची बाजू केली की हेच अंतर ०.१० मिलिमीटरच्या खाली जाते. कापणारे यंत्र शांत जागी फेरे जवळ आणि मोठ्या आवाजाच्या जागी दूर ठेवून काटकसर करते, पण मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात शांत जागा मुळातच कमी असतात, कारण गाणे संपले की टाळ्या सुरू होतात आणि त्याही जागा खातात. जागा पुरेनाशी झाली की आवाजाची पातळी उतरवावी लागते किंवा खर्जाला कात्री लावावी लागते. पातळी उतरली की तबकडीची स्वतःची खरखर तुलनेने वर येते. सोळा ते वीस मिनिटांची बाजू कापताना हात मोकळा असतो, बावीसच्या पुढे प्रत्येक मिनिटामागे काही ना काही सोडून द्यावे लागते.

या दृष्टीने १९८० चा संच पाहण्यासारखा आहे. पंधरा गाणी, चार बाजू आणि सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ, म्हणजे बाजूला सरासरी एकोणीस मिनिटे. पहिली बाजू ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ने उघडते आणि तिसरी ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ने. स्टीव्ह यंग यांचे हे गाणे ईगल्सनी पाच आवाजांच्या हार्मनीत बांधले आहे. आरंभी वाद्यांचा आधार जवळजवळ नाही आणि पाचही जण एकाच वेळी तेच शब्द उच्चारतात. एका गायकाचा ‘स’ सुईला जड जातो, तिथे पाच गायकांचा एकत्र आलेला ‘स’ किती जड जाईल हे सांगायला नको. हे गाणे बाजूच्या अगदी बाहेरच्या कडेला, सर्वांत प्रशस्त खाचेत ठेवलेले आहे. त्याच बाजूचा शेवट ‘डेस्परॅडो’ने होतो, आणि पियानोच्या साथीने जाणारे हे संथ गाणे आतल्या अरुंद खाचेतही फारसे बिघडत नाही. अशी मांडणी करणाऱ्याला तबकडी म्हणजे काय हे चांगले माहीत होते, असे मी निःसंकोच म्हणेन.

दुसऱ्या बाजूचा शेवट मात्र ‘लाइफ्स बीन गुड’ने केला आहे, आणि आपली तक्रार नेमकी तिथली आहे. बँडचे गिटारवादक जो वॉल्श यांचे हे गाणे नऊ मिनिटांहून लांब, त्यात जोरकस गिटार आणि ढोल, आणि मध्ये प्रेक्षकांचा भरपूर आवाज. इतके लांब गाणे सुरुवातीला ठेवले तर नंतरची दोन गाणी आत ढकलली जातात, आणि बाजूला तीनच गाणी असताना फार पर्याय उरत नाही. तेव्हा त्या जागी थोडासा घोगरेपणा या संचाच्या रचनेतच आहे, असे समजून चालावे. प्रश्न एवढाच उरतो, की आपल्याकडे तो थोडासा आहे की फार.

गाण्यांचा हा क्रम कोणत्याही एका रात्रीचा नाही. काही गाणी ऑक्टोबर १९७६ मध्ये लॉस अँजेलिसजवळच्या इंगलवूड येथील ‘द फोरम’ या सभागृहात मुद्रित झाली, तर बाकीची जुलै १९८० मध्ये सँता मोनिका आणि लाँग बीच येथे. रँडी माइझनर १९७७ मध्येच बँडमधून बाहेर पडले होते. त्यांच्या आवाजातले ‘टेक इट टू द लिमिट’ या संचात आहे ते १९७६ च्या मुद्रणामुळे. ३१ जुलै १९८० रोजी लाँग बीचला ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर या सदस्यांत रंगमंचावरच बिनसले आणि बँड व्यवहारात तिथेच संपला. नोव्हेंबरमध्ये संच बाजारात आला तोवर सदस्य एका खोलीत बसायला तयार नव्हते; निर्माते बिल सिमझिक यांनी फ्राय लॉस अँजेलिसमध्ये आणि बाकीचे मायामीत अशा स्थितीत मिश्रण पुरे केले, आणि हार्मनीतल्या दुरुस्त्या देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कुरियरने जात-येत राहिल्या. म्हणजे ज्या हार्मनीची इतकी वाखाणणी होते, ती सगळीच रंगमंचावरची नाही. काही श्रोत्यांना हे कळल्यावर फसवणूक वाटते. मला तसे वाटत नाही. मैफिलीच्या अल्बममध्ये नंतर केलेली दुरुस्ती ही त्या काळी सर्रास चालणारी गोष्ट होती, आणि इथे ती इतक्या निगुतीने झाली आहे की जोड कानाला लागत नाही. अस्सल मैफलच हवी असेल तर हा संच त्या कसोटीला पुरा उतरत नाही, एवढे मात्र खरे.

आता टाळ्यांविषयी, कारण मैफिलीच्या तबकडीतला सर्वांत अवघड आवाज तोच आहे. हजारो हातांच्या टाळ्या म्हणजे सर्व वारंवारितांचा एकत्र गोंगाट. तबकडी कापताना १९५४ पासून प्रचलित असलेल्या आरआयएए (अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) हिच्या ठरावीक वक्राप्रमाणे खर्ज दाबला जातो आणि वरचे स्वर उचलले जातात. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल खाली आणि २० हजार हर्ट्झला जवळजवळ तेवढेच वर. वाजवताना फोनो अ‍ॅम्प्लिफायर याच्या नेमके उलट करून समतोल साधतो. त्यामुळे टाळ्यांमधला वरचा भाग खाचेत प्रत्यक्षाहून कितीतरी मोठा कोरलेला असतो आणि तो कापताना कापणाऱ्या शीर्षाची वेटोळी तापतात. म्हणून बहुतेक कापणारे टाळ्यांच्या जागी वरचे स्वर थोडे उतरवतात, आणि मीही तेच करत आलो आहे. कोणाचेही गाणे त्यामुळे बिघडत नाही.

दुसरी अडचण सभागृहात ठेवलेल्या मायक्रोफोनांची. प्रेक्षकांचा आवाज टिपायला हे मायक्रोफोन रंगमंचापासून दूर असतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा तीस मीटरवरच्या मायक्रोफोनात रंगमंचावरचा ढोल सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि डाव्या-उजव्या मायक्रोफोनात तो एकाच क्षणी पोहोचेल याचीही खात्री नसते. स्टिरिओ खाचेत दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज सुईला आडवा हलवतो, तर दोन बाजूंमधला फरक तिला वर-खाली हलवतो. खर्जाचा असा फरक मोठा झाला की खाच एका जागी खोल आणि पुढच्या जागी जवळजवळ नाहीशी होते, आणि तिथे सुई उडी मारते. यावर उपाय म्हणजे ठरावीक वारंवारितेखालचा खर्ज दोन्ही बाजूंना सारखा करून टाकणे, आणि गाणे चालू असताना सभागृहातले मायक्रोफोन पुष्कळसे खाली ठेवून टाळ्यांच्या वेळीच वर आणणे. मैफिलीच्या काही अल्बमांत गाणे सुरू होताच सभागृह एकदम आक्रसल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे असते.

आपल्या तक्रारीचे निदान या पार्श्वभूमीवर करता येते. टाळ्यांचा आवाज चांगल्या सुईवर पसरलेला पण दाणेदार ऐकू यायला हवा. जवळच्या रांगांमधल्या काही टाळ्या सुट्या ओळखता यायला हव्यात. त्याऐवजी एकसंध चरचर येत असेल, तर सुई झिजलेली आहे, तिच्यावर कचरा साठलेला आहे, तिचा दाब कमी पडतो आहे किंवा आधीच्या मालकाने झिजलेल्या सुईने खाचेच्या भिंती खरवडून ठेवल्या आहेत. यांतले पहिले तीन दोष सर्वच तबकड्यांवर दिसतील, चौथा फक्त या तबकडीवर. म्हणून आधी अशी एखादी तबकडी लावा, जी नवी घेतली होती आणि आपल्याशिवाय कोणी वाजवलेली नाही, आणि तिच्या बाजूच्या शेवटचे गाणे ऐका. तिथेही घोगरेपणा असेल तर ‘ईगल्स लाइव्ह’ला दोष देण्याचे कारण नाही.

दाबाच्या बाबतीत लोक उगाच भित्रे असतात. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, निर्मात्याने दीड ते दोन ग्रॅम सांगितले असेल तर दोनच्या जवळ राहावे. कमी दाबाने सुई खाचेत भिंतीवरून भिंतीवर आपटते आणि त्याने होणारी झीज जास्त दाबाच्या झिजेपेक्षा पुष्कळ वाईट असते. सुईचे आयुष्य साधारणतः ५०० ते १००० तास सांगितले जाते, आणि सेकंडहँड तबकड्या अधिक वाजवणाऱ्याने यातला खालचा आकडा धरावा. सुई बदलायचीच असेल तर गोल टोकाऐवजी लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक धारेची घ्यावी. शिबाता हा बारीक धारेचा प्रकार सत्तरच्या दशकात चार-वाहिन्यांच्या, म्हणजे चार ध्वनिक्षेपकांना वेगवेगळा आवाज देणाऱ्या, तबकड्यांसाठी निघाला, कारण त्यांत ४५ हजार हर्ट्झपर्यंतचा संकेत वाचावा लागे. चार-वाहिन्यांची पद्धत मागे पडली, पण अशा सुया आतल्या खाचांसाठी आजही सर्वोत्तम आहेत.

त्यानंतर जुळणी. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, एका बिंदूभोवती फिरत असल्यामुळे सुई खाचेशी संपूर्ण बाजूवर दोनच जागी बिनचूक समांतर असते. अधिक प्रचलित असलेल्या बेअरवाल्ड जुळणीत या जागा मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हनसन जुळणीत आतली जागा जवळजवळ शेवटच्या खाचेवर, सुमारे ६० मिलिमीटरवर आणली जाते आणि त्याच्या बदल्यात मधल्या भागात चूक थोडी वाढते. मैफिलींच्या तबकड्या मोठ्या आवाजात संपण्याची सवय लक्षात घेता, ज्यांच्या संग्रहात त्याच अधिक आहेत त्यांनी दुसरी जुळणी करून पाहावी. कागदावर ती मागे पडते, ‘लाइफ्स बीन गुड’च्या शेवटच्या तीन मिनिटांत नाही. हे सर्व करूनही चरचर राहिली, तर तबकडी प्रखर दिव्याखाली तिरपी धरून पाहा. चकाकी जाऊन करड्या दिसणाऱ्या खाचा म्हणजे भिंती झिजलेल्या आहेत, आणि त्याला धुण्यापुसण्याचा उपाय नाही.

सेकंडहँड मैफिलीच्या तबकडीचा एक फायदाही सांगायला हवा. स्टुडिओतल्या गाण्यांमधल्या शांततेत प्रत्येक टिचकी ऐकू येते; मैफिलीत ती जागा प्रेक्षकांनी भरलेली असते आणि खरखर तिच्यात विरून जाते. त्यामुळे दिसायला मध्यम वाटणारी प्रत ऐकायला बरी निघते. फक्त ‘डेस्परॅडो’सारख्या जागा आधी ऐकून घ्याव्यात, कारण तिथे काहीच लपत नाही. विकत घेताना लेबलाशेजारची मोकळी पट्टी बघण्याची सवय ठेवा. कोणत्या लॅकरपासून ती प्रत निघाली याच्या खुणा तिथे कोरलेल्या असतात, आणि सिमझिक यांना तिथे खोडसाळ वाक्ये कोरून ठेवण्याची हौस होती. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या १९७६ च्या स्टुडिओ अल्बमवर ‘व्ही. ओ. एल. इज फाइव्ह-पीस लाइव्ह’ असे कोरलेले आहे. ‘व्ही. ओ. एल.’ म्हणजे त्यातले ‘व्हिक्टिम ऑफ लव्ह’ हे गाणे; त्याचा मूळ ठेका पाचही जणांनी एकत्र वाजवून मुद्रित केला, असे त्यातून सुचवायचे होते. तसेच सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही दुहेरी संचांत पहिल्या तबकडीच्या पाठीवर दुसरी नव्हे तर चौथी बाजू असे, कारण तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रांवर त्या एकावर एक रचून ठेवल्या जात. असा संच हाती आला तर तो चुकीचा जोडलेला नसतो.

आता २०१८ चा संच. तोही ‘द फोरम’मधलाच, म्हणजे माइझनर यांच्या त्या गाण्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षांनी त्याच सभागृहात, मात्र मधल्या काळात ते संगीतासाठी नव्याने सजवले गेले आणि जानेवारी २०१४ मध्ये ईगल्सच्याच मैफिलींनी पुन्हा उघडले. फ्राय २०१६ मध्ये निवर्तले. १२, १४ आणि १५ सप्टेंबर २०१८ या तीन रात्री डॉन हेन्ली, वॉल्श आणि टिमथी श्मिट यांच्यासोबत व्हिन्स गिल आणि फ्राय यांचे चिरंजीव डीकन उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यातून २६ गाण्यांचा संच निघाला. जुन्या संचातल्या पंधरापैकी अकरा गाणी यातही आहेत, तेव्हा तुलनेला भरपूर वाव आहे. ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ इथे मैफिलीचेच पहिले गाणे आहे, म्हणून ते आपसूक पहिल्या बाजूच्या बाहेरच्या कडेला आले. ‘टेक इट टू द लिमिट’ गिल गातात. माइझनर शेवटच्या उंच स्वरांवर जसे झेप घेत, तसे ते करत नाहीत, तो स्वर ते सहज आणि गोलाईने घेतात. मला १९७६ चे अधिक भावते, पण हा आवडीचा प्रश्न आहे, तबकडीचा नाही.

तबकडीचा विचार केला तर २६ गाणी आठ बाजूंवर, म्हणजे बाजूला तीन-चार गाणी आणि पंधरा-सोळा मिनिटांच्या आसपास वेळ. हा खर्चिक निर्णय आहे आणि तांत्रिक दृष्ट्या योग्य आहे. तीन तबकड्यांत हे बसवता आले असते, पण मग प्रत्येक बाजू वीसच्या पुढे गेली असती आणि मोठ्या आवाजाची गिटार-गाणी आत ढकलली गेली असती. आठ बाजूंमुळे फेऱ्यांना जागा मिळते, पातळी वर ठेवता येते आणि शेवटचे गाणे लेबलाला चिकटण्याची गरज राहत नाही. याची किंमत श्रोता मोजतो. दर पंधरा मिनिटांनी टाळ्या मंदावत मंदावत शून्य होतात, उठून बाजू पालटावी लागते, आणि पुढच्या बाजूला टाळ्या पुन्हा शून्यातून वर येतात. जुन्या संचात गाण्यांचा क्रमच बाजूंसाठी घडवला होता, म्हणून प्रत्येक बाजू स्वतंत्र कार्यक्रमासारखी वाटते. नव्या संचात मैफल आधी पूर्ण झाली आणि मग तिचे आठ तुकडे झाले. ज्याला ती एका बैठकीत सलग ऐकायची आहे त्याने खुशाल डिजिटल प्रत घ्यावी. तीत आवाजाचे काहीही उणे नाही. ज्याला एका वेळी एक-दोन बाजूच ऐकायच्या असतात, आणि बहुतेक तबकडीप्रेमी तसेच ऐकतात, त्याला हा संच सोयीचा आहे.

इथे आपल्या मित्राच्या आक्षेपाकडे येतो. २०१८ च्या मुद्रणाचे मूळ डिजिटल आहे हे गृहीत धरायला हरकत नाही, आणि तबकडी त्यात कोणतीही माहिती वाढवत नाही हेही खरे. पण डिजिटल टप्पा आला म्हणजे तबकडी निरर्थक झाली, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. लेथवर, म्हणजे खाच कापणाऱ्या यंत्रावर, फेऱ्यांमधले अंतर आधीच ठरवण्यासाठी पुढचा आवाज यंत्राला थोडा अगोदर लागतो. त्यासाठी मूळ आवाज डिजिटल विलंबयंत्रातून नेण्याची पद्धत सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होत गेली, त्यामुळे अनेक ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ तबकड्याही वाटेत एकदा डिजिटल झालेल्या आहेत. २०२२ मध्ये ‘मोबाइल फिडेलिटी’ या नामांकित प्रकाशकाच्या अनेक तबकड्यांत डिजिटल टप्पा असल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा गहजब झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पण त्याआधी वर्षानुवर्षे ज्यांनी त्या तबकड्यांची वाखाणणी केली होती, त्यांच्या कानांना तो टप्पा खटकला नव्हता. फरक पडतो तो तबकडीसाठी वेगळे मास्टरिंग, म्हणजे आवाजाचे अखेरचे संस्करण, केले आहे की नाही याने. सीडी आणि स्ट्रीमिंगसाठी आवाज सपाट आणि कर्कश होईपर्यंत दाबलेला असेल आणि तोच तबकडीवर चढवला असेल, तर तबकडीने काही सुधारत नाही. एक सावधगिरी सांगतो. तबकडीवरून उतरवलेल्या आवाजाचे डायनॅमिक रेंजचे, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतल्या अंतराचे, आकडे सीडीपेक्षा मोठे दिसतात, म्हणून तिचे मास्टरिंग मोकळे आहे असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. कापण्याच्या आणि वाजवण्याच्या प्रक्रियेत लहरींचा आकार बदलतो आणि त्याने शिखरे उंचावतात. दाबलेला आवाज तसाच असूनही आकडा फुगतो. तुलना कानानेच, दोन्हींची पातळी सारखी करून करावी.

वजनाविषयी फार बोलण्यासारखे नाही. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भरीव लागते आणि वाकायला थोडी कमी वाकते, पण खाच तेवढीच खोल असते. १२० ते १४० ग्रॅमच्या जुन्या तबकड्यांतून निघणारा आवाज वजनामुळे कमी पडत नाही. वजन बदलले की टोनआर्मची उंची तपासावी एवढाच त्याचा व्यावहारिक परिणाम.

ईगल्सचीच मैफल तबकडीवर हवी आणि चार तबकड्या नको असतील, तर १९९४ चा ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ हा मधला मार्ग आहे. त्यातली पहिली चार गाणी स्टुडिओतली आहेत, उरलेली अकरा एप्रिल १९९४ मध्ये बरबँक इथल्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत निमंत्रित प्रेक्षकांसमोर मुद्रित झाली. हे क्रीडासंकुल नव्हते, दूरच्या भिंतींचे प्रतिध्वनी नव्हते, आणि त्यामुळे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे अकूस्टिक गिटारवरचे रूप इतके स्वच्छ उतरले की ध्वनियंत्रे विकणारे आजही तेच वाजवून दाखवतात. त्याच्या आरंभी ढोलाचा जो खर्ज आहे तो तबकडीवर डिजिटलइतका खोल उतरत नाही. बाकी गिटारीच्या तारांचा पोत तबकडीवर उत्तम येतो. मैफिलीचा कैफ मात्र यात कमी आहे, हे घेण्यापूर्वी समजून घ्यावे.

तेव्हा आधी सुई आणि जुळणी नीट करून घ्या, मग जुना संच पुन्हा ऐका आणि त्यानंतरच नव्याचा विचार करा, कारण आजच्या स्थितीतल्या सुईने नवा संच वाजवला तर त्याच्याही खाचा खराब होतील. नवा संच आला की प्रत्येक तबकडी सपाट आहे का आणि मधले भोक मध्यावर आहे का हे पाहा. भोक सरकलेले असेल तर संथ गाण्यातल्या पियानोचा स्वर हेलकावे खातो, आणि ते दुरुस्त होत नाही. नवी असली तरी तबकडी धुऊन घ्यावी. आणि चार तबकड्यांच्या संचात लोक पहिली तबकडी लगेच ऐकतात, शेवटची कधीतरी. तोवर बदलून घेण्याची मुदत निघून गेलेली असते. आठही बाजू, विशेषतः प्रत्येकीचे शेवटचे गाणे, त्या मुदतीच्या आत ऐकून घ्या.